‘पोरगी काई खातच नाई!’

‘मॅडम, पोरगी काई खातच नाई, शाळेतून आली का पडून रायते.’ कापूस वेचणीच्या दिवसांत पालकसभेला आलेली दर दुसरी आई हेच सांगते. आठवीतल्या एका मुलीची आईही तेच सांगत होती. मुलीचं हिमोग्लोबिन १०.२. या वयाच्या मुलीत ते १२ तरी हवं. शाळेतली आठवड्याची निळी लोहगोळी घेते का? ‘घेते ना,’ आई म्हणाली. मुलीनं मान खाली घातली.

आईला जरा बाहेर बसवलं.

‘गोळी कुठं जाते?’
‘खिडकीतून.’
‘काऊन?’
‘मळमळते.’

उपाशीपोटी मळमळणारच. गोळी शाळेतल्या खिचडीनंतर द्यायची, असं सरांशी ठरलं. पण सकाळी काय खातेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘चाहा. घरी सारेच चाहा घेते. मी एकटीच काय जेवू?’

गाठ इथं होती. पोरगी जेवण नाकारत नव्हती, घरच्या रीतीनं वागत होती. मुलांपुढं आहाराचे कितीही तक्ते लावा, आधण घरचेच ठेवतात. म्हणून आईबापांशिवाय आरोग्याचा तास घेणं मला कधी पटलं नाही.

पुढच्या वेळी वडीलही आले. ‘सहाला वावरात जातो आमी. सकाळी सैपाक कोन करन?’ रास्तच होतं. म्हणून नवा स्वयंपाक सांगितलाच नाही. रात्री दोन भाकरी जास्त टाकायच्या, सकाळी कुस्करून फोडणी द्यायची, मूठभर शेंगदाणे आणि वर लिंबू. लिंबानं लोह अंगी लागतं, चहानं अडतं. म्हणून चहा तासाभरानं. पाच रुपयांच्या पुड्याऐवजी फुटाणे. आणि तिघांनी एकत्र बसायचं, दहा मिनिटं का होईना. यातलं शेवटचंच सगळ्यात अवघड गेलं.

१०.२ ला आठवड्याची एक गोळी पुरत नाही. रोजची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून, डॉक्टरांना विचारूनच. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्याची तपासणी आधी करून घ्यावी. गोळीनं शौचाला काळं होतं, त्या भीतीनं कित्येक घरं मधेच गोळी सोडतात.

तीन महिन्यांनी आकडा ११.६ वर आला. गोळ्या अजून सुरू आहेत. आई सांगत होती, ‘आता तिचा बापच आंधी भाकर मागते, मंग चाहा.’