पुतण्याच्या लग्नात हुंडा ठरला आहे. यजमानांसाठी मी जावे का?

प्रश्न : आमचे लग्न नोंदणी पद्धतीने, काहीही देणेघेणे न करता झाले आणि हुंडा घेतलेल्या लग्नाला जायचे नाही हा नेम मी तेव्हापासून पाळत आले आहे. आता मोठ्या दिरांच्या मुलाचे लग्न ठरले आहे. बैठकीत पंधरा लाख रोख, दहा तोळे सोने आणि मुलाला गाडी अशी याद झाली. मुलीच्या वडिलांनी त्यासाठी जमीन विकायला काढली असल्याचे कानावर आले आहे. सासरे लवकर गेल्यामुळे माझ्या यजमानांचे शिक्षण मोठ्या दिरांनीच केले. यजमान म्हणतात, “दादांच्या घरचे हे पहिले कार्य आहे. माझ्यासाठी तरी चल, नाहीतर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” पत्रिकेत निमंत्रक म्हणून आम्हा दोघांची नावे आहेत. माझी मुलगी दहावीत आहे. तिने इतकी वर्षे माझे बोलणे ऐकले आहे. मी काय करावे?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, माझे मत आधीच सांगते. तुम्ही लग्नाला जावे. मात्र त्याआधी दादांशी स्पष्ट बोलणे व्हावे आणि ते तुमच्या यजमानांनी करावे. ते बोलायला तयार नसतील, तर ‘माझ्यासाठी चल’ असे म्हणण्याचा त्यांचा अधिकार पुष्कळसा कमी होतो.

तुमच्या मनातली चीड योग्य आहे, तिला कोणी हेकेखोरपणा म्हणू नये. बैठकीत ठरलेल्या रकमेला मानपान म्हणा, हौस म्हणा किंवा ‘मुलीच्याच संसारासाठी’ म्हणा, १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने तो हुंडाच आहे. हुंडा घेणे, देणे आणि त्या व्यवहाराला मदत करणे या तिन्हींसाठी किमान पाच वर्षांच्या कैदेची आणि किमान पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतकी रक्कम, यांपैकी जे जास्त असेल तितक्या दंडाची तरतूद आहे. नुसत्या मागणीलाही सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा आहे. मागणी न करता, रीतीप्रमाणे आणि देणाऱ्याच्या ऐपतीत बसणाऱ्या भेटवस्तूंना सवलत आहे, पण त्यांची यादी ठेवावी लागते, आणि जमीन विकून घेतलेली गाडी त्या सवलतीत कशी बसेल? म्हणून तुमची रेषा मी पाहुणी म्हणून अक्षता टाकण्याच्या अलीकडे ओढणार नाही. ती देण्याघेण्याच्या बैठकीपाशी, रोख रक्कम मोजण्यापाशी, मध्यस्थी करण्यापाशी ओढीन. तिथे तुम्ही दोघांनीही बसू नये.

पत्रिकेतल्या नावाबद्दल मात्र फार जिवाला लावून घेऊ नका. चुलता-चुलतीची नावे छापण्याची रीत आहे, त्यावरून कोणी तुम्हाला हुंड्याला संमती देणारी समजणार नाही. मला अधिक काळजी वाटते ती मानाच्या साडीची. मांडवात नाव पुकारून वरपक्षाच्या काकूला बोलावले जाते, पाटावर बसवून कुंकू लावले जाते, ओटी भरून साडी दिली जाते, आणि ती साडी त्याच विकलेल्या जमिनीच्या पैशांतून आलेली असते. ती मांडवात नाकारली तर चारचौघांत अपमान होतो तो मुलीच्या आईचा, जिचा यात काहीही दोष नाही. त्यामुळे आठ-पंधरा दिवस आधी त्या माउलीला स्वतः फोन करावा आणि ‘आमच्या घरासाठी आहेर आणू नका, आम्ही कुणाकडूनच घेत नाही’ असे गोडीने सांगावे. या एका फोनमुळे त्या घराला कळेल की सासरच्या माणसांत आपल्या बाजूने विचार करणारे कोणीतरी आहे.

तुम्ही जावे असे मला वाटते ते मुख्यतः याच कारणासाठी. तुम्ही गेला नाहीत तर दादांचा एक रुपयाही कमी होणार नाही, नवरीला ते कळणारही नाही आणि चटका बसेल तो तुमच्या यजमानांना. लग्न करणाऱ्यावर रुसून त्याच्या माणसांना कोंडीत धरण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे आणि ती पुष्कळदा चांगल्या लग्नांविरुद्धच वापरली गेली आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार तर घातलाच, शिवाय ते भावाच्या घरी उतरले तर भावाच्या कुटुंबालाही वाळीत टाकू असे ठरवले. तुमचा नकार त्या गावकऱ्यांच्या नकाराच्या अगदी उलट कारणासाठी आहे, हे मी जाणते. तरीही दोन माणसांच्या मध्ये उभ्या असलेल्या तिसऱ्यावर त्याचा भार कसा पडतो, हे त्यावरून दिसते.

आता यजमानांविषयी. दादांचे उपकार खरे आहेत, आणि ते विसरा असे मी कधीही सांगणार नाही. पण बापाच्या जागी उभ्या राहिलेल्या भावाला चुकीच्या वाटेवरून परत बोलावणे हेही त्याच नात्यातले कर्तव्य आहे. जमीन विकायला काढली आहे, विकलेली नाही, म्हणजे अजून वेळ आहे. यजमानांनी दादांना एकटे गाठावे, वहिनी किंवा इतर पाहुण्यांसमोर विषय काढू नये आणि म्हणावे, “दादा, आमच्यासाठी तुम्ही काय सोसलेत ते मला ठाऊक आहे. त्या पोरीच्या बापालाही तसेच सोसावे लागते आहे. रोख रक्कम सोडून द्या, कार्यालयाचा आणि जेवणाचा खर्च आपण निम्मा-निम्मा करू, त्यात माझा वाटा मी देतो.” हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, पुष्कळदा वरपक्ष रोख मागतो तो दणक्यात लग्न करून देण्यासाठीच, आणि खर्चाचा वाटा उचलायला सख्खा भाऊ तयार असेल तर माघार घ्यायला त्यालाही सन्मानाची वाट मिळते. तुम्हाला त्या पैशांची झळ बसेल. ती सोसावी असे मला वाटते.

दादांनी ऐकलेच नाही, तर तुमचे काम लग्नानंतरही उरते. हुंडा म्हणून दुसऱ्या कोणी घेतलेली मालमत्ता लग्नापासून तीन महिन्यांच्या आत नवरीच्या हाती देणे कायद्याने बंधनकारक आहे. गाडी तिच्या नावावर नोंदवली जाते का, दागिन्यांच्या पावत्या तिच्या नावाने आहेत का, लॉकरमध्ये तिचे नाव आहे का, हे चुलत सासू या नात्याने तुम्हाला विचारता येते. पुढे तिच्यावर दबाव आला तर तक्रार करायला तिचे आईवडील घाबरतील, कारण हुंडा त्यांनीही दिलेला आहे. अशा वेळी पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही, हे त्यांना तुमच्याकडून कळू द्या.

एक अपवाद सांगायलाच हवा. मुलगी अठरा वर्षांची नसेल, तर बालविवाहाला नुसते हजर राहणेही २००६च्या कायद्याखाली गुन्ह्यात मोजले जाते. तेव्हा जाण्याचा प्रश्नच येत नाही, १०९८ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तिला तिच्या मनाविरुद्ध उभे केले जात असेल तरीही जाऊ नये. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे.

तुमच्या मुलीला सगळे खरे सांगा : आपण का जात आहोत, बाबा दादांशी काय बोलले, मानाची साडी का घेतली नाही. दहावीतल्या मुलीला एवढे नीट समजते. घरच्या चर्चेतून तिला बाहेर ठेवले, तर मात्र ती फक्त तुमची जरीची साडी पाहील आणि स्वतःच अर्थ लावील.

राहता राहिली दादांच्या रागाची गोष्ट. ‘एवढे शहाणपण शिकवायचे असेल तर येऊच नका’ असे ते म्हणाले, तर यजमानांना भाऊ म्हणून एकटे जाऊ द्या. परत आल्यावर त्यांना टोमणा मारू नका आणि त्या नव्या सुनेला पहिल्याच संक्रांतीला हळदीकुंकवासाठी तुमच्या घरी बोलवा.