कार्टूनसारखं गमतीदार चित्र ‘खरी’ कला म्हणायची का?

हो, अगदी निःशंकपणे म्हणा; तुमची मुलगी चष्मेवाल्या कावळ्यांची चित्रं काढते आणि ती बघून पाहुणे ‘ही काय चित्रं झाली?’ म्हणतात ना, त्या पाहुण्यांना एकदा अजिंठ्याला घेऊन जा. मी शाळेत चित्रकला शिकवतो, मुलांना तिथे नेतो, म्हणून सांगतो: पहिल्या लेणीत पद्मपाणीपुढे, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या करुणामय बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे, सगळे गप्प होतात, पण त्याच लेणीच्या छतावर कमळांमध्ये बागडणारा हत्ती आहे. एका खांबावर तर चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलंय. कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं! मुलं खांबासमोर इकडून तिकडे सरकत बघत बसतात. ही गंमत जमवायला शरीराचा तोल, मानेचं वळण किती नेमकं ठाऊक असावं लागतं! म्हणजे करुणा आणि खोडकरपणा दीड हजार वर्षं एकाच छपराखाली नांदतायत. अलीकडचं उदाहरण हवं तर अमेरिकन चित्रकार फिलिप गस्टन. अमूर्त चित्रं सोडून त्यांनी 1970 मध्ये कार्टूनसारखी चित्रं मांडली, तेव्हा समीक्षकांनी झोडपलं. आज तीच मोठी मानली जातात.

एक मात्र आहे, गमतीदार आहे एवढ्यानं चित्र चांगलं ठरत नाही. कावळा तिनं स्वतः बघून, त्याची मान तिरकी करायची लकब पकडून काढला असेल तर ती कला. मोबाईलवरचं तयार कार्टून गिरवलं असेल तर तो नुसता हाताचा सराव.