क्लाउनफिशबद्दल पोरांना पहिल्यांदा सांगताय? मग एवढंच धरा

मस्त विषय घेतलाय! फक्त सुरुवातीला सगळेच करतात ती चूक करू नका, वीस फॅक्ट्स धडाधड वाचून दाखवायच्या, पोरं तिसऱ्यालाच कंटाळतात. तीनच घ्या.

१) घर. सी ॲनिमोन झाडासारखा दिसतो पण तो प्राणी आहे, त्याची बोटं इतर माशांना डंख मारतात आणि हा पठ्ठ्या मात्र अंगावरच्या चिकट थरामुळे त्यातच बिनधास्त झोपतो. ॲनिमोनच्या हजारावर जाती आहेत, त्यातल्या जेमतेम १० जातींतच तो राहतो.

२) बाबा. हे पोरांना फार आवडतं, मी दरवेळी इथेच जास्त वेळ घालवतो. अंडी मुख्यतः बाबाच सांभाळतो, पंखांनी सारखं वारं घालतो, खराब झालेलं अंडं तोंडाने उचलून बाजूला काढतो. हाताने पंख हलवून दाखवाच, सगळी पोरं करायला लागतात!

३) जन्मतः सगळे नर, घरातली मोठी मादी गेली की तिचा जोडीदार नर मादी होतो. एवढंच सांगा, हार्मोन वगैरे आत्ता नको.

आणि हो, ‘सगळे केशरीच असतात’ असं सांगू नका, काळे, गुलाबीसुद्धा असतात. फोटो दाखवा.