द्राक्षारसातला पाण्याचा थेंब

प्रिय बेटा,

परवा बाजारात चर्चमधल्या उपासनेचा, म्हणजे मिस्सेचा, विषय निघाला तेव्हा तू म्हणालास, "मिस्सेत मले काईच भेटत नाई काका. दर वेळेस तेच ते." मी नुसता हसलो. वांग्यांचा भाव चालू असताना त्याचं काय उत्तर देणार? आता घरात निजानीज झाली आहे, म्हणून लिहायला बसलो.

तेच ते असतं, हे कबूल. आपल्या गावात फादर महिन्यातून एकदा येतात, तरी तुला कंटाळा येतो, यात नवल नाही. तुझ्या वयात मी मागच्या सतरंजीवर बसून छताची कवेलू मोजायचो. पण तुझा "भेटत नाई" हा शब्द मला खटकला. पिशवी घेऊन बाजारात जावं तसे आपण मिस्सेला जातो आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो की कुरकुरतो. तू तिथे काय ठेवलंस, हे मला आधी सांग.

पुढच्या वेळी अर्पणविधीकडे, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वेदीवर देवाला वाहतात त्याकडे, नीट लक्ष दे. बहुतेक लोक तेव्हा दानासाठी खिशातली चिल्लर चाचपत असतात, म्हणून तो निसटतो. फादर भाकर उचलतात तेव्हा तिला भूमीचं फळ आणि माणसाच्या हातांचं काम म्हणतात. वेदीवर गव्हाचे दाणे जात नाहीत, भाकर जाते. द्राक्षं जात नाहीत, द्राक्षारस जातो. म्हणजे कोणीतरी वखरलं, पेरलं, निंदलं, दळलं, भाजलं, तेव्हा ती वस्तू देवापुढे जाण्याजोगी झाली. (लहानपणी मला प्रश्न पडायचा की आपण खातो ज्वारीची आणि वेदीवर मात्र गव्हाची का. आमच्या घरी गव्हाची पोळी सणालाच व्हायची, त्यामुळे देवाचा रोजच सण असतो अशी मी समजूत करून घेतली होती. खरं कारण साधं आहे: चर्चचा नियमच गव्हाच्या भाकरीचा आहे, आणि आपल्या लॅटिन (रोमन कॅथलिक) विधीत ती बिनखमिराची लागते.)

त्यानंतर फादर प्याल्यातल्या द्राक्षारसात पाण्याचा थेंब टाकतात. सोबतची प्रार्थना ते हळू म्हणतात, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. तिचा आशय असा की ख्रिस्त आपल्या माणूसपणात सहभागी झाला, तसं आपल्याला त्याच्या देवपणात सहभागी होता यावं. तो थेंब म्हणजे आपण. एकदा पडला की कोणाच्या बापाला तो वेगळा काढता येत नाही.

2017 साली बोंडअळी आली तेव्हा तू शाळेत होतास. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेली सरकी. त्या डिसेंबरात मी मिस्सेला गेलो तो रागाने फणफणत. ठेवायला माझ्याजवळ तेवढंच होतं, म्हणून थेंब पडताना मनातल्या मनात तोच टाकला. राग लगेच गेला नाही आणि कर्ज तर मुळीच गेलं नाही. पण देवाशी बोलणं सहा महिन्यांपासून बंद होतं, ते त्या दिवशी सुरू झालं. भांडणानेच झालं, पण झालं.

तुझा दुसरा प्रश्न बलिदानाचा होता: मिस्सेला बलिदान म्हणतात, तर ख्रिस्त दर वेळी पुन्हा मरतो का? ख्रिस्त दर रविवारी नव्याने मरत नाही. कालवारीच्या टेकडीवर क्रुसावरचं बलिदान एकदाच झालं आणि तेच मिस्सेत आपल्यासमोर येतं. शेवटच्या भोजनात येशू म्हणाला, "माझ्या स्मरणार्थ हे करा"; यातलं स्मरण म्हणजे फोटोला हार घालणं नव्हे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री यहुदी माणूस मिसरातून मी स्वतःच बाहेर पडलो असं मानतो, त्या प्रकारचं हे स्मरण आहे. आपण शेवटच्या भोजनाच्या त्या वरच्या माडीत बसलेलो असतो, क्रुसाखाली उभे असतो.

आणि बसतो कोणाच्या शेजारी, तेही बघ. शेवटच्या भोजनाचा सगळ्यात जुना लेखी वृत्तांत प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या ख्रिस्ती मंडळीला इ.स. 55 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात सापडतो, आणि तो आला आहे एका पंगतीच्या भांडणातून! पैसेवाले आधीच खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौलाने त्यांना सरळ सुनावलं की हे प्रभूचं भोजन नव्हेच. आपल्या भागात कोण कोणाच्या पंगतीला बसायचं यावरून किती पिढ्यांचे अपमान झाले, ते तुझ्या आजीला विचार. एका वेदीवरून खायचं आणि विहिरीवर तोंड फिरवायचं, हे मला तरी जमलेलं नाही, जमूही नये.

कम्युनियनच्या, म्हणजे ती पवित्र भाकर घेण्याच्या, आधी आपण म्हणतो, "प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही, पण फक्त शब्द बोल, म्हणजे माझा आत्मा बरा होईल." हे शब्द मुळात एका रोमन सैनिकी अधिकाऱ्याचे आहेत. आजारी पडलेल्या आपल्या चाकरासाठी तो विनवत होता. सालदारासाठी मालक रदबदली करतोय, असं समज. मिस्सेत आपण चाकराच्या जागी "माझा आत्मा" म्हणतो. मला मात्र तिथे दरवेळी तो चाकरच दिसतो.

येत्या रविवारी फादर नऊ वाजता येणार आहेत. कम्युनियन घ्यायचं असेल तर तासभर आधीपासून काही खाऊ नकोस, पाणी चालतं. तुझ्या बाबांशी झालेला अबोला अजून मिटला नाही असं ऐकलं. तो घेऊन ये, थेंब पडताना टाक. मग दोघंही आमच्याकडे जेवायला या, काकू सोल्यांची आमटी करणार आहे.

तुझा,
काका