जागा आहे, पण फाइल मावत नाही

प्रश्न : मानेवाडा भागात आमचा चित्रीकरणाचा छोटा व्यवसाय आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू झाला, की वडसा आणि आसपासच्या गावांतील रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांचे चित्रीकरण आम्ही करतो व नागपुरात परतल्यावर ते कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर साठवतो. यंदा प्रथमच संपूर्ण नाटकाची एकच फाइल तयार केली. परंतु ती सर्व्हरवर टाकताना ४ जीबीच्या आसपास काम थांबते आणि ‘फाइल टू लार्ज’ असा संदेश येतो. सर्व्हर बसवून देणाऱ्यांच्या मते दीड टीबी जागा मोकळी आहे, तेव्हा दोष आमच्या फाइलचाच असावा. सर्व्हरची फाइल सिस्टीम मोठ्या फाइली स्वीकारते की नाही, हे कसे तपासावे? सर्व्हर बदलावा लागेल काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मोकळी जागा किती आणि एक फाइल जास्तीत जास्त केवढी होऊ शकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर फाइल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या व नोंदवण्याच्या रचनेवर अवलंबून असते. जागा संपली असती, तर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश आला असता. आपल्याला आलेला संदेश आकाराच्या मर्यादेचा आहे आणि काम कोणत्या आकड्यावर थांबते, हाच येथे सर्वांत चांगला पुरावा आहे. अर्धवट राहिलेल्या फाइलचा आकार बाइटमध्ये पाहावा. तो ४,२९,४९,६७,२९५ च्या अगदी जवळ असेल, तर संशय फॅट-३२ या जुन्या फाइल सिस्टीमवर घ्यावा, कारण त्या रचनेत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा असते. तो २,१४,७४,८३,६४७ असता, तर एखादा जुना ३२ बिटी प्रोग्रॅम किंवा एनएफएसची (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीची) दुसरी आवृत्ती शोधावी लागली असती.

‘सर्व्हरची फाइल सिस्टीम’ असे आपण एकवचनी म्हणता, तेथेच बहुधा घोटाळा आहे. एका सर्व्हरवर अनेक फाइल सिस्टीम नांदू शकतात. मुख्य डिस्क एक्स्ट-४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमची आणि चित्रीकरणाच्या फोल्डरवर जोडलेली बाह्य डिस्क फॅट-३२ ची, असे सहज घडते. म्हणून चौकशी सर्व्हरची नव्हे, तर नेमक्या त्या फोल्डरची करावी. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टंकताना रोमन लिपी वापरावी.) ‘डीएफ’ या आज्ञेला मोठ्या टीचा पर्याय जोडून पुढे फोल्डरचा पूर्ण मार्ग द्यावा. प्रकाराच्या रकान्यात ‘व्हीफॅट’ (फॅटचे लिनक्समधील नाव) दिसले, तर निदान झाले. एक्स्ट-४ मध्ये नेहमीच्या ४ केबीच्या ब्लॉकवर एक फाइल १६ टीबीपर्यंत वाढू शकते आणि एक्सएफएस या लिनक्सवरील दुसऱ्या फाइल सिस्टीमची मर्यादा त्याहून कितीतरी मोठी आहे; तेथे आपली फाइल अडण्याचे कारण नाही.

‘गेटकॉन्फ’ या आज्ञेला ‘फाइलसाइजबिट्स’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि मग फोल्डरचा मार्ग दिला, तर ६४ (म्हणजे आकार नोंदवायला ६४ बिटांची जागा) असे उत्तर मिळणे शुभचिन्ह मानतात. परंतु ते उत्तर फाइल सिस्टीमच्या प्रकारावरून काढलेले असते, त्यामुळे केवळ त्यावर मी तरी विसंबणार नाही. खरी परीक्षा प्रत्यक्ष करून पाहण्यातच आहे : त्याच फोल्डरमध्ये ‘ट्रंकेट’ आज्ञेने, छोट्या एसच्या पर्यायासह, ५ जी आकाराची चाचणी फाइल तयार करावी. फॅट-३२ असेल, तर हीच तक्रार तत्काळ येईल. एक्स्ट-४ किंवा एक्सएफएसवर फाइल क्षणात तयार होते, ‘एलएस’ ही आज्ञा तिचा आकार ५ जीबी दाखवते, पण प्रत्यक्ष व्यापलेली जागा सांगणारी ‘डीयू’ जवळजवळ शून्य, कारण ती आतून पोकळ असते. त्यामुळे या चाचणीने जागेची परीक्षा होत नाही. आपल्याला आत्ता ती नकोच आहे. चाचणी फाइल लगेच पुसावी.

चाचणी उत्तीर्ण झाली आणि तरीही चित्रीकरण अडकले, तर ज्या वापरकर्त्याच्या नावाने फाइल लिहिली जाते, त्याच्यासाठी फाइलच्या आकारावरील मर्यादा दाखवणारी ‘यूलिमिट’ ही आज्ञा छोट्या एफच्या पर्यायासह चालवून पाहावी. ‘अनलिमिटेड’ऐवजी आकडा दिसला, तर मर्यादा कोणीतरी मुद्दाम घातलेली आहे.

आजवर आपले काम का अडले नाही, याचे कारण बहुधा कॅमेऱ्यात आहे. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डे फॅट-३२ वापरतात, म्हणून कॅमेरा लांब चित्रीकरणाचे ४ जीबीच्या आतले तुकडे स्वतःच पाडतो. सेकंदाला २५ मेगाबिट या वेगाने सुमारे २३ मिनिटांत ४ जीबी भरतात. चार तासांचे नाटक ४५ जीबींवर जाते. तुकडे निमूटपणे सामावत होते, आपण ते जोडले तेव्हा भिंत लागली. म्हणजे दोष आपल्या फाइलचा नाही.

सर्व्हर बदलण्याची गरज नाही; निदान वरीलप्रमाणे ठरले, तर ती एक डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅटने सर्व मजकूर जातो, तेव्हा आधी तो दुसरीकडे उतरवून, दोन-चार फाइली उघडून खात्री करून घ्यावी. डिस्क कायम सर्व्हरलाच जोडलेली राहणार असेल, तर एक्स्ट-४ निवडावी. ती काढून विंडोजच्या संगणकालाही लावायची असेल, तर एक्सफॅट ही मोठ्या फाइली स्वीकारणारी फाइल सिस्टीम सोयीची आहे. लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) तिचा आधार २०१९ मधील ५.४ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे सर्व्हर जुना असल्यास आवृत्ती आधी पाहावी. फॉरमॅटनंतर तीच ५ जीबीची चाचणी पुन्हा करावी, आणि पूर्ण नाटक नव्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालते हे पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याची मूळ कार्डे पुसू नयेत.