मराठीची लय मोजून ती इंग्रजी, स्पॅनिशशी ताडून बघता येते का?

तुम्ही विचारलंय की स्पॅनिश ऐकताना सगळी अक्षरं एका चालीत टपटप पडल्यासारखी वाटतात, इंग्रजी मात्र कुठे ताणली जाते कुठे गिळली जाते, तर हा फरक आकड्यात मांडता येतो का आणि मराठी त्यात कुठे बसते. येतो मांडता, पण हाती लागणारा आकडा हा त्या माणसाच्या त्या रेकॉर्डिंगचा असतो, तो लगेच अख्ख्या भाषेचा म्हणून सांगू नका. मी भाषाशास्त्रात एमए करताना पुण्यातल्या लोकांची रेकॉर्डिंग घेऊन हेच काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनी कल्पना अशी होती की काही भाषांत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो आणि काहींत दोन आघातांमधलं, म्हणजे जोर देऊन बोललेल्या दोन अक्षरांमधलं अंतर सारखं राहतं. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइकने १९४५ मधे ही विभागणी मांडली, अ‍ॅबरक्रॉम्बीने १९६७ मधे तर जगातल्या सगळ्या भाषा या दोनपैकी एकात बसतात असं म्हटलं, आणि जपानीसाठी मात्रांचा तिसरा गट धरला जातो. आपण ओवी अभंगात अक्षरं मोजतो आणि आर्येत मात्रा, त्यामुळे कल्पना आपल्याला चटकन पटते, पण ती छंदाची मोजणी झाली, रोजच्या बोलण्याची नाही. पीटर रोचने १९८२ मधे सहा भाषांवर खरोखर मोजमाप केलं तेव्हा इंग्रजीसारख्या भाषांत आघातांमधली अंतरं काही जास्त समान निघाली नाहीत.

मग लोकांनी आघातांचा नाद सोडला आणि सरळ स्वर नि व्यंजनांची लांबी मोजायला लागले. रामुस, नेस्पोर आणि मेलर यांनी १९९९ मधे आठ भाषा घेतल्या, एकूण वेळातला किती टक्के वेळ स्वरांना जातो ते काढलं, इंग्रजीत ४०.१ आणि जपानीत ५३.१ टक्के आला. इंग्रजीत व्यंजनांचे गठ्ठे जास्त, बिनआघाती स्वर आखूड होतात, म्हणून टक्का कमी, हे कारण सरळ आहे.

मला जास्त आवडतो तो ग्रेब आणि लो यांचा २००२ चा जोड्यांचा हिशोब. समजा एक स्वर १२० मिलिसेकंदांचा आणि पुढचा ६० चा, तर फरक ६०, दोघांची सरासरी ९०, साठ भागिले नव्वद गुणिले शंभर म्हणजे साधारण ६७. तेच ८० आणि ९० ची जोडी असेल तर जेमतेम १२. अशी शेजारच्या प्रत्येक जोडीची किंमत काढायची आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची, प्रत्येक जोडीला तिच्याच सरासरीने भागल्यामुळे माणूस भरभर बोलतो की सावकाश याचा परिणाम बराचसा निघून जातो. त्यांच्याकडे ब्रिटिश इंग्रजी ५७.२ आली, स्पॅनिश २९.७, म्हणजे तुमच्या कानाला जे जाणवलं तेच. आणि तमिळ आली ५५.८, इंग्रजीच्या अगदी शेजारी! पण तमिळमधे ह्रस्व दीर्घ स्वरांनी अर्थ बदलतो, त्यामुळे लांब आखूड जोड्या आपोआप पडतात, इंग्रजीत त्या आघातामुळे पडतात, आकडा जवळपास एकच आणि कारणं पूर्ण वेगळी. शिवाय तिथे प्रत्येक भाषेचा एकच बोलणारा होता, त्यामुळे त्या एका माणसाच्या सवयी किती आणि भाषा किती हे वेगळं काढताच येत नाही.

हे घरी करून बघा. "मामा काल गावी गेला" आणि "त्र्यंबकच्या मित्राने पुस्तकं व्यवस्थित रचली" ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाकडून वाचून घ्या, दुसऱ्यात जोडाक्षरांमुळे व्यंजनांचे आकडे कुठच्या कुठे जातील, भाषा तीच, माणूस तोच. अमालिया अर्वानिती यांनी २०१२ मधे सहा भाषांवर नेमकं हेच दाखवलं, वाक्यं निवडून घेतली की एकाच भाषेचे आकडे हलतात. माझ्याकडेही एकाच मुलीचं बातमी वाचणं आणि मैत्रिणीला घडलेली गोष्ट सांगणं यातला फरक दोन वेगळ्या माणसांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. म्हणून मराठी कुठल्या गटात हा प्रश्न मी असा विचारतच नाही. मराठीत इंग्रजीसारखा अर्थ बदलणारा आघात नाही आणि इ-ई, उ-ऊ लिहिताना वेगळे असले तरी बोलताना बहुतेकदा लांबी शब्दातल्या जागेवर ठरते, एवढं ठामपणे सांगते.

तुम्हाला स्वतः करायचं असेल तर प्रात नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अ‍ॅमस्टरडॅमच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी बनवलेलं, त्यात आवाजाची लाट बघून प्रत्येक स्वर, व्यंजन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं त्या सीमा लावता येतात. सीमा ऐकून लावा, लिहिलेलं बघून नाही, कारण "करमणूक" मधला र चा अ आपण बोलतच नाही आणि लिपी बघून लावलात तर नसलेला स्वर मोजाल. य आणि व शेजारच्या स्वरात मिसळून जातात, "हवाय" सारख्या शब्दात सीमा कुठे टाकायची ते आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा, नाहीतर तुमचा हात बदलला म्हणून आकडा बदलेल. थांब्याच्या दोन बाजूंचे स्वर जोडीत धरू नका. "हो नाऽऽ" सारखा वाक्याच्या शेवटचा ताणलेला स्वर ठेवायचा की सोडायचा हेही ठरवून लिहून ठेवा, त्या एका स्वराने छोट्या वाक्याचा आकडा पार बिघडतो. आणि कर्वे रोडकडे खिडकी असेल तर रेकॉर्डिंग रात्री उशिरा करा, हॉर्नखाली स श च्या कडा दिसत नाहीत.

तुलना करताना दोन्ही भाषांत भरपूर बोलणारे घ्या, वाचन आणि गप्पा दोन्ही घ्या, आणि दोन्ही भाषा बोलणारी माणसं मिळाली तर फारच उत्तम, पुण्यात मराठी-कन्नड किंवा मराठी-तेलुगू घरं शोधायला लांब जावं लागत नाही. सीमा लावताना अडलात तर डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्र विभागात विचारून बघा, किंवा इथेच कमेंटमधे तुमचं वाक्य टाका, मी बघेन.