एआयला विचारलं, की एआयकडून लिहून घेतलं?

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे. पत्री सरकारवरचा प्रकल्प त्याने चॅटजीपीटीकडून दहा मिनिटांत लिहून घेतला. रात्रीही उशिरापर्यंत त्याच्याशीच टाइप करत बसतो. मोबाइल काढून घ्यावा का?
— एक आई, तासगाव

उत्तर : काढून घेऊ नका. मित्राच्या मोबाइलवर तेच होईल, फक्त तुम्हाला दिसणार नाही. आधी शेजारी बसून तो प्रकल्प ओळीओळीने वाचा. पहिली खोट जिल्ह्याच्या नावात सापडू शकते. १९४२ ते ४६ च्या त्या काळात तुमचं तासगाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. एआय मात्र १९४३ च्या घटनेतही ‘सांगली जिल्हा’ बिनदिक्कत घालू शकतं, कारण पुढे कोणता शब्द जुळेल याच्या अंदाजावर ते वाक्य रचतं. संदर्भयादी तर डोळ्यांत तेल घालून बघा. लेखक खरा, प्रकाशन खरं, पण पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही, असंही होतं. प्रत्येक नाव वाचनालयात विचारायचं. नाही सापडलं तर खोडायचं.

‘लिहून दे’ऐवजी त्याला हे टाइप करू द्या : ‘खाली माझा परिच्छेद आहे. दुरुस्त करू नकोस. पुरावा कुठे तोकडा पडतो ते दाखव आणि मला पाच प्रश्न विचार.’ उत्तरं वहीत, हाताने. कच्ची पानं फेकू नयेत. उद्या शिक्षकांना शंका आली तर तीच कामी येतात. एआयचं लेखन ओळखणारी साधनं भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं तसं साधन २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं.

रात्रीचं टायपिंग वेगळं. कुणी चिडवलं, मार्क पडतील का, हे मुलं तिथे विचारतात. ते हसत नाही, घरी सांगत नाही. पण बऱ्याचदा होला हो करतं, हीच गोम. चोरून वाचू नका. ‘काय विचारलंस?’पेक्षा ‘आज ते कुठे चुकलं?’ असं विचारा, पोरं खुलतात. अठराखालच्यांना चॅटजीपीटी वापरायला पालकांची परवानगी लागते. तुमचं खातं त्याच्या खात्याशी जोडलंत तर रात्रीचे तास बंद ठेवता येतात. गप्पा मात्र तुम्हाला दिसत नाहीत. सेटिंग्जमधल्या ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये जाऊन मॉडेल सुधारण्यासाठी गप्पा वापरण्याचा पर्याय बंद करा. आधार किंवा मार्कशीटचा फोटो तिथे टाकायचा नाही. मुलगा गप्प गप्प राहत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.